पिवळी पट्टी दाबेपर्यंत बरोबर असलेले आकडे : मकरपुऱ्यातल्या एका क्वालिटी शीटचं प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत पंपाचे शाफ्ट आणि बुश टर्निंग करून देणारा एक छोटा कारखाना आहे. सहा लेथ, दोन पाळ्या, आणि क्वालिटीचा सगळा हिशेब एका एक्सेल फाइलमध्ये. मालक मराठी, ऑफिस सांभाळणाऱ्या ताई मराठी, आणि ती फाइल ज्यांनी वर्षानुवर्षं बांधत नेली ते निवृत्त क्वालिटीवाले काकाही मराठी. शॉपवरचं बोलणं मात्र गुजरातीत. मी अशा कारखान्यांच्या शीट्सची देखभाल करतो, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. मालकांच्या परवानगीने ते लिहितो आहे. शाफ्टचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, बाकी जसं घडलं तसं.

ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. मदरबोर्ड गेला होता. त्यावर विंडोज ७ आणि ऑफिस २०१० होतं, ३२ बिटचं. त्याच्या जागी आलेल्या नव्या कॉम्प्युटरवर आजचं ऑफिस, ६४ बिटचं. फाइलची एक प्रत ताईंच्या ईमेलमध्ये होती, ती त्यांनी उतरवून घेतली. उघडली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. सीपीकेचे (लेथ ठरलेल्या मर्यादेत किती भरवशाने माप काढतो त्याचा आकडा) रकाने भरलेले, महिन्याचा सारांश भरलेला. मग त्यांनी वरच्या पिवळ्या पट्टीवरचं ‘एनेबल एडिटिंग’ दाबलं, आणि निम्म्या पानांवर #नेम? उभं राहिलं.

“दादा, आकडे सकाळी होते हो. मी स्वतः बघितले. नुसतं ते बटण दाबलं, बाकी कशाला हात लावला नाही.”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. एक्सेलच्या सेलमध्ये दोन गोष्टी साठवलेल्या असतात, सूत्र आणि त्या सूत्राचं शेवटचं उत्तर. ईमेलमधून आलेली फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडते, तिथे काहीच पुन्हा मोजलं जात नाही, जुनी उत्तरं तशीच दिसतात. एडिटिंग चालू झालं की, फाइल जुन्या आवृत्तीत मोजलेली असल्यामुळे, एक्सेल ती नव्याने मोजायला घेतं. तेव्हा त्याला कळतं की सूत्रातलं फंक्शन या मशीनवर नाहीच. ताईंनी काही मोडलं नव्हतं. मोडलेलं होतं ते दिसायला लागलं.

सोमवारी ग्राहकाकडून ऑडिटला माणसं येणार होती आणि त्यांना सहाही लेथचा सीपीके कागदावर हवा होता. म्हणून मी पोचायच्या आधीच ओळखीपाळखीतून मदत येऊन गेली होती. कुणीतरी ‘एडिट लिंक्स’मध्ये जाऊन ‘ब्रेक लिंक’ केलं होतं. हा उपाय फार घातक आहे, कारण ब्रेक लिंक बाहेरच्या फाइलवर अवलंबून असलेल्या सूत्रांच्या जागी त्या क्षणाचं उत्तर चिकटवतो. त्या क्षणाचं उत्तर #नेम? असेल तर तेच कायमचं राहतं, आणि मूळ सूत्र काय होतं ते सांगणारा पुरावाही जातो. सुदैवाने ईमेलमधली मूळ प्रत शाबूत होती. तिची एक नक्कल ‘हात लावू नये’ या नावाने पेन ड्राइव्हवर ठेवली आणि दुसऱ्या नकलेवर काम सुरू केलं.

काय काय गहाळ होतं

अशा वेळी ‘फाइल करप्ट झाली’ हे पहिलं निदान सगळीकडे ऐकू येतं. ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. या फाइलला काही झालं नव्हतं. ती चार बाहेरच्या गोष्टींवर उभी होती आणि त्या चारही जुन्या कॉम्प्युटरवर राहिल्या होत्या. प्रत्येकीचं लक्षण वेगळं, म्हणून एकाच औषधाने सगळं बरं होणार नव्हतं.

पहिली गोष्ट, काकांनी स्वतः लिहिलेलं ॲड-इन, म्हणजे एक्सेलला वेगळी फंक्शनं पुरवणारी जोड-फाइल. त्यात सीपीके काढणारं फंक्शन होतं. नव्या मशीनवर सूत्रावर क्लिक केलं की फंक्शनच्या आधी लांबलचक पत्ता दिसायचा, सी ड्राइव्ह, यूजर्स, जुन्या लॉगिनचं नाव, ॲप-डेटा, रोमिंग, आणि शेवटी ॲड-इन्सच्या फोल्डरमधली एक एक्सएलएएम फाइल. हा पत्ता पाहून पुष्कळ जण घाबरतात. मला तो दिसला की बरं वाटतं, कारण काय शोधायचं आणि कुठे शोधायचं हे दोन्ही त्यात लिहिलेलं असतं.

दुसरी, सॉल्व्हर, म्हणजे अटी सांभाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं एक्सेलचं ॲड-इन. ६ मीटरच्या सळईतून वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कसे काढले तर कमीत कमी टाकाऊ उरेल याचं एक पान होतं, आणि त्यावरच्या बटणामागचा मॅक्रो सॉल्व्हरला हाक मारत होता. तिसरी, ‘ॲनालिसिस टूलपॅक’, ज्याने हिस्टोग्राम काढला जायचा. ‘डेटा’ टॅबवरून ‘डेटा ॲनालिसिस’ हे बटणच नाहीसं झालं होतं. चौथी, तारीख निवडायचं छोटं कॅलेंडर, जे एका ओसीएक्स फाइलमधून येत होतं.

या चौथ्या गोष्टीने सगळ्यात जास्त दिशाभूल केली. नोंदीचं बटण दाबलं की व्हीबीए (एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा) एडिटर उघडायचा, ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असा एरर यायचा, आणि निळ्या पट्टीत उभा राहायचा ‘फॉरमॅट’ हा शब्द. फॉरमॅट हे व्हीबीएचं अगदी घरचं फंक्शन, ते हरवणं शक्यच नाही. पण एक जरी रेफरन्स, म्हणजे कोड ज्या बाहेरच्या फाइलवर विसंबतो तिची नोंद, गहाळ असला तरी व्हीबीए साध्या फंक्शनांवरही अडखळतं आणि बोट भलत्याकडेच दाखवतं. तिथे त्या ओळीवर डोकं खपवणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. एडिटरच्या ‘टूल्स’मध्ये ‘रेफरन्सेस’ उघडायचं आणि कुठल्या नावापुढे ‘मिसिंग’ लिहिलंय ते पाहायचं. इथे दोन नावांपुढे होतं, सॉल्व्हर आणि ते कॅलेंडर.

दिसत नसलेली चूक

#नेम? दिसतं, म्हणून ते परवडतं. मला खरी काळजी वाटली ती सारांशाच्या पानाची, कारण तिथे एकही एरर नव्हता.

त्या पानावर प्रत्येक लेथचा सीपीके ‘इफएरर’मध्ये गुंडाळून आणला होता; चूक आली तर सेल रिकामा दाखवायचा. पान छापल्यावर नीटनेटकं दिसावं एवढाच त्यामागचा हेतू, आणि असं सगळेच करतात. पण इफएरर शून्याने भागल्याची चूक आणि फंक्शनच नसल्याची चूक यांत काही फरक करत नाही. दोन्ही तो सारख्याच निमूटपणे झाकतो. सहापैकी चार लेथ रिकामे झाले होते. उरलेल्या दोघांचे आकडे ताईंनी आधीच ‘पेस्ट व्हॅल्यू’ करून ठेवले होते, म्हणून ते टिकले. आणि खाली ठळक अक्षरात ‘या महिन्याचा सर्वांत कमी सीपीके’ म्हणून १.५२ हा आकडा दिमाखात उभा होता. ‘मिन’ फंक्शन रिकामा मजकूर सोडून देतं. त्याने उरलेल्या दोन चांगल्या लेथमधला कमी आकडा काढला आणि तो सगळ्या कारखान्याचा म्हणून छापायला तयार ठेवला.

हा कागद ऑडिटरच्या हातात गेला असता तर? शाफ्ट पंपात बसतो, पंप शेतात किंवा सोसायटीच्या टाकीवर चालतो, आणि खराब लेथचा माल चांगला म्हणून गेला तर त्याची किंमत कुणीतरी तिसराच मोजतो. म्हणून अशा प्रकरणात मी दुरुस्तीच्या आधी फाइलभर ‘इफएरर’ शोधतो. ‘फाइंड’मध्ये शब्द टाकायचा, ‘लुक इन’मध्ये फॉर्म्युला ठेवायचं, आणि सगळं वर्कबुक पालथं घालायचं. या फाइलमध्ये तो सारांशातच होता. तो काढून तिथे साधी अट घातली. मापं पंचवीस गठ्ठ्यांपेक्षा (एका वेळी मोजलेले पाच शाफ्ट म्हणजे एक गठ्ठा) कमी असतील तरच ‘मापं अपुरी’ असं लिहून यावं, बाकी कुठलीही चूक झाकली जाऊ नये.

ॲड-इन सापडलं, पण

मदरबोर्ड गेला होता, हार्ड डिस्क चांगली होती. यूएसबीच्या अडॅप्टरने ती जोडली. ॲप-डेटा हे फोल्डर लपवलेलं असतं. ‘व्ह्यू’मधून लपवलेली फोल्डरं दाखवायला सांगितलं आणि सूत्रातल्या पत्त्यावर एक्सएलएएम फाइल मिळाली. मी यायच्या आधीच कुणीतरी हीच डिस्क एका दुकानात नेऊन ती फाइल ईमेलने मागवली होती, ॲड-इन्सच्या यादीत तिच्यापुढे टिकही केली होती, तरी काही चालत नव्हतं. त्याला दोन कारणं होती.

ईमेलमधून उतरलेल्या फाइलवर विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी खूण ठेवतं. २०१६ च्या एका सुरक्षा अपडेटनंतर अशी खूण असलेलं ॲड-इन एक्सेल उघडतच नाही, आणि तसं सांगतही नाही. यादीत टिक दिसते, फंक्शन मिळत नाही. फाइलवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, खाली ‘अनब्लॉक’. फाइल कुणी लिहिली हे पक्कं माहीत असेल तरच हे करावं. इथे ती काकांनी लिहिलेली, त्यांच्याच डिस्कवरून थेट उचललेली होती, म्हणून प्रश्न नव्हता.

दुसरं कारण ६४ बिटचं. काकांनी त्यात विंडोजला थेट हाक मारणारी एक ‘डिक्लेअर’ ओळ घातली होती, हिशेब चालू असताना क्षणभर थांबण्यासाठी. ६४ बिटच्या ऑफिसमध्ये अशा ओळीत ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द लागतो. तो शब्द ऑफिस २०१० पासून आहे, पण ३२ बिटवर त्यावाचून चालतं, म्हणून इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही. त्या एका ओळीमुळे कोड कंपाइलच होत नव्हता. ती ओळ हिशेबाला लागतच नव्हती. काढून टाकली, आणि #नेम? गेले.

इथे थांबता आलं असतं. मालक म्हणालेही, “झालं ना? आता हात नका लावू.” पण ॲड-इनची यादी प्रत्येक विंडोज लॉगिनची वेगळी असते, ती त्या त्या माणसाच्या रजिस्ट्रीत साठवली जाते. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर त्याच्या लॉगिनने फाइल उघडेल तेव्हा रात्री आठ वाजता पुन्हा हेच. शिवाय ज्या आकड्यावर कारखान्याची ऑर्डर अवलंबून आहे तो आकडा कसा निघतो हे कुणालाच दिसत नसेल, तर ते मला पटत नाही. म्हणून सीपीके साध्या सूत्रांत उतरवायचं ठरलं.

कुठलं सिग्मा

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. सीपीके म्हणजे काय? सरासरीपासून वरच्या मर्यादेपर्यंतचं अंतर आणि खालच्या मर्यादेपर्यंतचं अंतर, दोन्हींना तीन सिग्माने (सिग्मा म्हणजे मापं किती पसरली आहेत त्याचा आकडा) भागायचं आणि जे उत्तर लहान ते घ्यायचं. प्रश्न असतो की सिग्मा कुठलं.

शाफ्ट २५ मिलिमीटरचा, सहनमर्यादा (मापात चालणारा फरक) एच-७, लहान लिपीतला एच. म्हणजे वरची मर्यादा २५.००० आणि खालची २४.९७९, एकूण २१ मायक्रॉनची जागा. दर तासाला सलग पाच शाफ्ट मोजायचे, असे पंचवीस गठ्ठे, १२५ मापं. त्यांची सरासरी २४.९९० आली. एक्सेलचं सरळ ‘एसटीडीईव्ही’ वापरलं तर सिग्मा २.९ मायक्रॉन, आणि वरच्या बाजूचे १० मायक्रॉन भागिले ८.७ म्हणजे १.१५. ग्राहकाची अट १.३३ ची. लेथ नापास.

ताईंनी मागच्या महिन्याचा छापील अहवाल काढला. त्याच मापांवर काकांच्या ॲड-इनने १.३८ दिलं होतं.

कोण बरोबर? फोन लावला. काका आता मुलाकडे पुण्यात असतात. मी दोन्ही आकडे वाचून दाखवले.

“अहो, सिग्मा सगळ्या मापांवरून नाही काढायचं. पाचाच्या गठ्ठ्यात सगळ्यात मोठं वजा सगळ्यात लहान, ती रेंज. पंचवीस रेंजची सरासरी, भागिले २.३२६. तुम्ही काढलंत ते पीपीके झालं. तेही हवंय, पण त्याला सीपीके म्हणू नका.”

रेंजची सरासरी ५.६ मायक्रॉन होती. २.३२६ ने भागल्यावर सिग्मा २.४१, त्याची तिप्पट ७.२२, आणि १० भागिले ७.२२ म्हणजे १.३८. ताळा जुळला.

हा २.३२६ म्हणजे पाच मापांच्या गठ्ठ्यासाठी ठरलेला ‘डी-टू’ स्थिरांक. चारच मापं घेतली तर २.०५९, तीन घेतली तर १.६९३. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला, त्याच परंपरेतून शॉपवर हे गठ्ठ्यांचं गणित आलं. गठ्ठ्याच्या आतला फरक हा मशीनचा स्वतःचा थरथराट दाखवतो. एकूण पसाऱ्यात त्याशिवाय दिवसभराची सरक येते, कारण इन्सर्ट (लेथवरचं कापणारं पातं) झिजत जातं तसा शाफ्टचा व्यास हळूहळू वाढतो. १.३८ आणि १.१५ यांतलं अंतर म्हणजे ती झीज. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

गहाळ ॲड-इनच्या जागी नावावरून अंदाज बांधून दुसरं सूत्र बसवणाऱ्यांना मी हे प्रकरण मुद्दाम सांगतो. सूत्र चालतं, आकडा येतो, एरर नसतो, आणि प्रश्नच बदललेला असतो. मूळ कोड वाचता येत असेल तर वाचावा. वाचता येत नसेल तर जुन्या छापील अहवालातली मापं नव्या सूत्रात घालून उत्तर जुळतं का ते पाहावं, आणि ते एका नव्हे, अनेक महिन्यांसाठी. आमच्याकडे दोन्ही होतं. काका कलाभवनात शिकलेले, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या आणि आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा असलेल्या संस्थेत. दर महिन्याच्या अहवालामागे एका लेथचा हाताने केलेला हिशेब टाचून ठेवायची त्यांची सवय होती. त्या कागदांशिवाय माझा ताळा अर्धवट राहिला असता. त्या सवयीबद्दल मला फार आदर वाटतो.

नव्या पानावर आता प्रत्येक गठ्ठ्याची रेंज दिसते, खाली तिची सरासरी, डी-टू स्वतंत्र सेलमध्ये, आणि सीपीकेच्या शेजारी पीपीकेही. ‘मॅक्स’, ‘मिन’, ‘ॲव्हरेज’ आणि पीपीकेसाठी ‘एसटीडीईव्ही’ यांपलीकडे एकही फंक्शन नाही. ते कुठल्याही मशीनवर, कुठल्याही लॉगिनवर चालतं.

बाकीच्या तिघी

कॅलेंडर काढून टाकलं. त्या जुन्या कंट्रोलचं ६४ बिटचं रूप नाही, त्यामुळे ते परत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. ताईंच्या भावाने कुठल्याशा साइटवरून ती ओसीएक्स फाइल उतरवून ठेवली होती. ती आधी पुसली. अनोळखी जागेवरून अशा फाइल आणून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. तारखेच्या सेलला ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावलं, आणि आजची तारीख कंट्रोल आणि अर्धविराम दाबून येते हे ताईंना दाखवलं. त्यांना तेच जास्त आवडलं.

टूलपॅक बसवणं दोन मिनिटांचं काम. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’, खाली ‘मॅनेज’मध्ये ‘एक्सेल ॲड-इन्स’ ठेवून ‘गो’, आणि टिक. तरी हिस्टोग्रामसाठी ते सोडून ‘फ्रीक्वेन्सी’ फंक्शन घातलं, कारण टूलपॅकचं उत्तर गोठलेलं असतं, मापं बदलली तरी तक्ता बदलत नाही. पानावरचा तक्ता कुठल्यातरी जुन्या महिन्याचा निघाला आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गेज कॅलिब्रेशनच्या पानावर पुढची तारीख काढायला ‘ई-डेट’ होतं, त्याला काहीच झालं नव्हतं. ते फंक्शन एकेकाळी टूलपॅकमधून यायचं. एक्सेल २००७ पासून ते एक्सेलचं स्वतःचं आहे.

सॉल्व्हर मात्र ठेवला. सळई कापायचं गणित साध्या सूत्रात बसत नाही, आणि २०० चलांची त्याची मर्यादा या कारखान्याला पुरून उरते. दोन्ही लॉगिनवर सॉल्व्हरला टिक केली, मग रेफरन्सेसमधलं ‘मिसिंग’ काढून नव्या सॉल्व्हरचं नाव निवडलं. जुना मॅक्रो सॉल्व्हरने काय उत्तर दिलं हे न पाहताच आकडे छापत होता. सॉल्व्हर काम संपलं की एक अंक परत देतो, ० म्हणजे उत्तर सापडलं, ५ म्हणजे अटींत बसणारं उत्तरच नाही. आता ० सोडून काहीही आलं की कापायचा तक्ता कोरा राहतो आणि लाल अक्षरात कारण येतं. सॉल्व्हरला टिक नसेल तर काय करायचं हेही त्याच पानाच्या माथ्यावर लिहून ठेवलं, मराठीत आणि दुसऱ्या पाळीसाठी गुजरातीत.

ऑडिटला चार लेथ १.३३ च्या वर होते. दोन खाली. मालकांनी तो कागद आहे तसाच पुढे ठेवला, आणि त्या दोन लेथवर इन्सर्ट किती शाफ्टनंतर बदलायचं हे पीपीकेच्या रकान्यावरून ठरवायला घेतलं आहे.